अठरा आटे

परळला, तिसऱ्या मजल्यावर,
मला कुशीवर झोपवलं, गुडघे पोटाशी.
कमरेच्या हाडातला गाभा तपासायचा होता.
मटणाच्या नळीतून आपण ओढून घेतो
तोच ना, मी विचारलं.
डॉक्टर हसले नाहीत.

तुस्कानो सिस्टर हसल्या.
वसईच्या. मराठी माझ्याहून खणखणीत.
"काका, भुलीचं इंजेक्शन दिलंय,
कातडीला फारसं कळणार नाही.
पण आत ओढतात तिथे भूल पोचत नाही.
तेवढे दहा-बारा सेकंद तुमचे तुम्हाला.
काय तोंडपाठ आहे? रामरक्षा? पाढे?"

रामरक्षा मला अर्धी येते.
पाढे तेराला सुटले ते सुटलेच.
पाठ आहेत ते व्हॉल्व्ह.

चौतीस वर्षं पाणीखात्यात चावीवाला होतो.
पहाटे पावणेचारला खांद्यावर लोखंडी चावी,
बायको म्हणायची, माझ्याहून तीच उंच.
तुम्ही नळाखाली बादली लावता ना,
त्याच्या आधी कुणीतरी
रस्त्यात वाकलेलं असतं.

"मग सांगा की. पहिला कुठला?"
आणि त्यांनी माझा हात धरला.
रबरी हातमोज्यातून ऊब येते,
हे मला माहीत नव्हतं.

पहिला भोईवाड्याचा.
झाकण जड, कडेला पिंपळाचं मूळ घुसलेलं.
अठरा आटे.
"भरभर फिरवायचे?"
छे. घाई केली की पाणी पाइपात आपटतं,
लांब कुठेतरी सांधा सुटतो
आणि रस्ता खणताना शिव्या मला.
"मग श्वास पण तसाच घ्या.
एक आटा आत. दोन आटे बाहेर."

सुई शिरली. नुसता दाब,
रोडरोलर उभा केल्यासारखा.

दुसरा नायगावला, पोलीस लायनीमागे.
तिथे पाणी चढावर जातं,
म्हणून निम्मा उघडून थांबायचं,
कान लावायचा,
आतली हवा फुसफुसत निघून गेली
की मग पुढचे आटे.
दोन बाहेर. एक आत.

तिसरा शिवडीला, किल्ल्याच्या वाटेवर.
खाडीचा वास. एक काळा कुत्रा, जो मलाच भुंकायचा.
पाच आटे झाले.
सहाव्याला त्यांनी ओढलं.

दुखलं. खोटं कशाला सांगू.
अंगठ्यापासून कुणीतरी
माझ्यातली तार खेचून काढली.
पण मी तेव्हा शिवडीला होतो
आणि दुखणं परळला.
मधलं दोन-अडीच किलोमीटरचं अंतर,
तेवढंच माझ्या वाट्याला आलं.
पुष्कळ झालं.

बाहेर बाकावर इरम बसली होती, वय सात,
छातीतल्या पोर्टला सुई टोचून घ्यायला आलेली.
तिच्याकडे साबणाच्या पाण्याची बाटली.
टोचताना फुंकायचं, ती म्हणाली,
फुगा मोठा हवा असेल तर सावकाश सोडावा लागतो दम,
आणि दम सावकाश सोडला की सुई छोटी होते.
मला कडी दिली.
माझा एकही फुगा धड झाला नाही.
"आजोबा, तुम्ही फार जोरात उघडता,"
असं म्हणाली ती. मला.
चौतीस वर्षांत एकाही इंजिनिअरची
हे म्हणायची छाती झाली नव्हती.

आता सलाइन चालू असताना बर्फ चघळतो,
तोंड येऊ नये म्हणून.
शीर सापडत नसली तर आधी गरम पाण्यात हात.
सगळे पाण्याचेच प्रकार,
म्हणून खात्याला शोभतं.

फक्त एक राहिलंय.
शिवडीचा तो व्हॉल्व्ह
सहाव्या आट्यावरच सोडून आलो.
रात्री जाग येते तेव्हा आठवतं,
तिथल्या माणसांना करंगळीएवढी धार येत असणार.

पुढच्या महिन्यात पुन्हा तपासणी आहे.
सिस्टरांना सांगून ठेवलंय,
या वेळी भोईवाडा नको, नायगाव नको.
थेट सातव्यापासून.